शेजारची बंद इमारत सोसायटीने विकत घ्यायची का? ठराव झाला, इसार दिला, आता दोन तट पडलेत

नाशिक_६४

नमस्कार. आमची नाशिकमध्ये ६४ सदनिकांची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. कुंपणाच्या भिंतीला लागून एक प्रसूतिगृह होतं, ते २०१७ पासून बंद आहे. इमारत तळमजला अधिक एक मजला, बांधकाम १९९१ चं. प्लॉट ३६० चौ.मी., दोन्ही मजले मिळून साधारण ३,५५० चौ.फूट. डॉक्टर वारले. तीन वारस आहेत, त्यातला एक परदेशात. मागणी १ कोटी ८५ लाखांची आहे.

समितीची योजना अशी: खाली छोट्या समारंभांसाठी हॉल, वर मुलांसाठी अभ्यासिका आणि पुस्तकांची खोली, शिवाय व्यायामशाळा. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून हा विषय आला. हजर ४८ सदस्य, बाजूने ३१, विरोधात १७. ठराव मंजूर झाल्याचं जाहीर झालं आणि पुढच्याच आठवड्यात दुरुस्ती निधीतून ५ लाखांचा इसार चेकने दिला गेला.

सोसायटीकडे सिंकिंग फंड ४१ लाख, दुरुस्ती निधी २२ लाख (इसार देण्यापूर्वी), राखीव निधी ९ लाख. उरलेली रक्कम प्रत्येक सदनिकेकडून सारखी गोळा करायची असं ठरलंय. विरोधातले १७ जण पैसे द्यायला तयार नाहीत आणि उपनिबंधकांकडे जायच्या तयारीत आहेत. ठरावाच्या बाजूचे म्हणतात, अशी जागा परत मिळणार नाही. दोघांचंही म्हणणं मला पटतं, म्हणून नेमकं विचारतो:

ठराव टिकेल का? कुठला निधी वापरता येतो? न देणाऱ्यावर सक्ती होते का? आणि इमारत घेण्यालायक आहे हे कसं ठरवायचं?

ताळेबंद

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाच्या बाजूने सांगतो. इमारत घ्यावी की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. ज्या पद्धतीने ती घेतली जातेय, ती दुरुस्त करणं आधी गरजेचं आहे.

ठराव. ऐनवेळच्या विषयात किरकोळ बाबी येतात. ज्या विषयाची आधी सूचना द्यायला हवी तो अध्यक्षांच्या परवानगीनेही तिथे घेता येत नाही, आणि १ कोटी ८५ लाखांची स्थावर खरेदी त्यातच मोडते. घरी राहिलेल्या १६ सदस्यांना हा विषय येणार हेच माहीत नव्हतं, एवढ्या मुद्द्यावरही ठराव अडचणीत येईल.

दुसरं, तुमचे उपविधी (संस्थेची नियमावली) काढा आणि ‘उद्देश’ हे कलम वाचा. आदर्श उपविधींचा भर स्वतःच्या मिळकतीची देखभाल, अभिहस्तांतरण (जमीन-इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर करून घेणं), सभासदांसाठी सामाजिक-सांस्कृतिक उपक्रम यांवर आहे. शेजारची मिळकत विकत घेणं त्यात स्पष्ट बसत नसेल तर आधी उपविधी दुरुस्ती करावी लागेल: १४ पूर्ण दिवसांची नोटीस, हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं, मग दोन महिन्यांच्या आत उपनिबंधकांकडे प्रस्ताव. ४८ चे दोन तृतीयांश म्हणजे ३२. तुमच्याकडे ३१ आहेत. साध्या बहुमताने ठराव ‘मंजूर’ झाला असेल, पण या कामाला लागणारं बहुमत एका मताने हुकलंय. ठरावाच्या बाजूच्या लोकांना हे आजच सांगा, कारण पुढच्या सभेत त्यांना माणसं पटवून आणावी लागणार आहेत.

गणपूर्तीचंही लक्षात घ्या. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा लागतो. म्हणजे ६४ जणांच्या संस्थेत २० जण जमले की सभा वैध. एवढ्या मोठ्या निर्णयाला २० जणांची सभा पुरेशी आहे असं कुणी सांगितलं तर कायद्याने ते बरोबर असेल, पण पैसे गोळा करताना उरलेले ४४ दार उघडणार नाहीत.

निधी. इथे सरळ चूक झालीय. सिंकिंग फंड हा बांधकाम खर्चाच्या दरसाल ०.२५ टक्के दराने तुमच्याच इमारतीसाठी साठवलेला पैसा आहे. तो वास्तुविशारदाची शिफारस आणि सर्वसाधारण सभेची मान्यता असल्यावर पुनर्बांधणी, संरचनात्मक फेरबदल किंवा मोठ्या दुरुस्तीला वापरायचा. दुसऱ्याची इमारत घ्यायला त्याला हात लावायचा नाही. दुरुस्ती निधीचंही (०.७५ टक्के) तसंच. त्यातून दिलेला ५ लाखांचा इसार लेखापरीक्षक दोष म्हणून लिहील, समितीला नमुना ‘ओ’ मध्ये दोषदुरुस्तीचा अहवाल द्यावा लागेल, आणि पैसे परत आले नाहीत तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८८ खाली समिती सदस्यांवर वैयक्तिक जबाबदारी बसू शकते. समितीने हे मनावर घ्यावं. ती माणसं विनामोबदला काम करतात, त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हे ओझं का घ्यावं?

कर्ज काढू म्हणाल तर मर्यादा पाहा. भरणा झालेलं भागभांडवल, राखीव निधी आणि इमारत निधी यांच्या बेरजेतून संचित तोटा वजा करून येईल त्याच्या दहापट. सदनिकेमागे ५० रुपयांचे १० शेअर धरले तर ६४ सदनिकांचे ३२,००० रुपये. त्यात राखीव निधी ९ लाख. एकूण ९.३२ लाख, दहापट ९३ लाख. किमतीच्या निम्मंच होतं.

म्हणजे उरतो एकच सरळ मार्ग: ‘इमारत निधी’ म्हणून वेगळं खातं, वेगळ्या पावत्या, आणि स्वखुशीने दिलेल्या रकमा. सक्तीचं विचाराल तर या कामासाठीची सक्तीची आकारणी कलम ९१ खाली सहकार न्यायालयात टिकणार नाही असं माझं मत आहे. मासिक देखभालीच्या बिलात ही रक्कम मिसळून थकबाकी दाखवायचा विचारही करू नका. त्याने नियमित देखभालीची वसुलीसुद्धा वादात सापडेल.

कॉलमबीम

इमारतीबद्दल. फोटो पाठवून कुणी ‘मजबूत आहे’ म्हणत असेल तर त्यावर विसंबू नका. आठ वर्षं बंद राहिलेली इमारत वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर खराब होते. गच्चीचे पाण्याचे पाइप पाचोळ्याने तुंबतात, दर पावसाळ्यात ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) पाणी साचतं, ते स्लॅबमध्ये उतरतं. शौचालयांच्या सनकन (खाली दाबून घेतलेल्या) स्लॅबमध्ये पाणी मुरलेलं राहतं. पॅरापेटमध्ये (गच्चीच्या कठड्यात) पिंपळ उगवतो. खिडक्या बंद म्हणून आतली ओल बाहेर जात नाही. पहिलं पाहा ते खोल्यांच्या छतावर, बीमच्या खालच्या कडेला लांबीच्या दिशेने गेलेली भेग. ती दिसली की आत सळई गंजून फुगलीय असं समजा.

त्याआधी एक मूळ प्रश्न. ही आरसीसी फ्रेम (कॉलम-बीमचा सांगाडा) आहे की भारवाही भिंतींवर उभी आहे? त्या काळच्या तळ अधिक एक इमारतींत दोन्ही सापडतात, कधीकधी एकाच इमारतीत पुढचा भाग फ्रेमचा आणि मागचा भिंतींचा. हॉल करायचा म्हणजे मधल्या भिंती काढणार. भारवाही भिंत काढली तर वरचा स्लॅब खाली येईल. मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग विक्रेत्यांकडे मागा. नसतील तर अभियंत्याने दोन-तीन ठिकाणी प्लास्टर फोडून खात्री करावी.

चाचण्या कुठल्या हव्यात ते कोटेशनमध्येच लिहून घ्या, नाहीतर नुसता हातोडा वाजवून अहवाल येतो.

– रिबाउंड हॅमर: फक्त पृष्ठभागाचा अंदाज. जुन्या काँक्रीटमध्ये कार्बोनेशनमुळे (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रक्रियेमुळे) वरचा थर कडक होतो आणि आकडा फसवा, जास्त येतो.
– यूपीव्ही: ध्वनिलहरीचा वेग. सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली असेल तर शंकास्पद.
– हाफ सेल (सळईच्या गंजाची विद्युत चाचणी): उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन आलं तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर.
– कार्बोनेशन: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारा. गुलाबी झालं तर ठीक. रंग न येणारा थर सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं संरक्षण संपलं.
– कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल नमुना): किमान तीन. सरासरी बळ मूळ ग्रेडच्या (काँक्रीटच्या ठरवलेल्या बळाच्या) ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. १९९१ मध्ये एम-१५ काँक्रीट सर्रास वापरत, तेव्हा एम-२० धरून तुलना करू नका.

आता तुमच्या योजनेतली खरी अडचण सांगतो, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. रुग्णालयाच्या वॉर्डचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो भारासाठी असतो. हलत्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५ लागतात, व्यायामशाळेला ५, पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान ६. म्हणजे वरच्या मजल्यावर पुस्तकं आणि व्यायामशाळा नेणं म्हणजे स्लॅबवर मूळ हिशेबाच्या अडीच-तीनपट भार. सगळ्या चाचण्या उत्तम आल्या तरी हे चालणार नाही. बीम-कॉलमला जॅकेटिंग (बाहेरून काँक्रीटचा जादा थर) करून बळकटी आणता येते, पण पायाही तपासावा लागतो आणि खर्च हाताबाहेर जातो.

यावर मांडणी बदलणं हाच स्वस्त उपाय. तळमजल्याची फरशी जमिनीवरच्या भरावावर टेकलेली असते, म्हणून हॉल, व्यायामशाळा, पुस्तकांची कपाटं हे सगळं खाली. एवढं खाली मावत नसेल तर हॉल किंवा व्यायामशाळा, दोन्हीतलं एक निवडा. वर टेबल-खुर्च्यांची अभ्यासिका, तीसुद्धा पुस्तकं खाली ठेवून. वाचनकक्षाचा स्वतःचा भारही ३ किलोन्यूटन धरतात, त्यामुळे तेवढं हिशेबाने तपासून घ्यावंच लागेल, पण ते आवाक्यातलं आहे. ज्येष्ठांची बैठक वर नेऊ नका, लिफ्ट नाही.

हॉलला बाहेर पडायला दोन वेगवेगळ्या वाटा हव्यात. जुन्या प्रसूतिगृहात बहुधा एकच जिना आणि एकच मोठं दार असतं. मागच्या बाजूला दार काढायला भिंत आणि मोकळी जागा आहे का ते पाहून ठेवा.

दस्त_आणि_नकाशा

वरच्या दोघांशी सहमत. मालकी आणि परवानगीचं सांगतो.

सर्वात आधी, तुमच्या स्वतःच्या जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का? मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव आहे का? नसेल तर शेजारची जमीन घेण्याआधी ते करा, बिल्डर दाद देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करा. पुढे पुनर्विकासात दोन्ही प्लॉट एकत्र करण्याचा जो मोठा फायदा ठरावाच्या बाजूचे लोक सांगत असतील, तो स्वतःच्या जमिनीची मालकी नसताना मिळणारच नाही.

विक्रेत्यांकडून घ्यायची कागदपत्रं: तिन्ही वारसांची नावं लागलेला अभिलेख (नुसता फेरफार अर्ज नव्हे, मंजूर नोंद), मृत्युपत्र केलं असेल तर त्याची प्रत, मंजूर नकाशा, बिनशेती आदेश, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकर आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, महावितरणचं शेवटचं बिल. मिळकतकराची थकबाकी हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो, मालक बदलला तरी ती इमारतीसोबत येते. तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध), बँकेच्या तारणासाठी सरसाईची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीची) तपासणी आणि दोन वृत्तपत्रांत जाहीर नोटीस. यापैकी काहीही होण्याआधी इसार दिला गेला, ही तुमची सगळ्यात मोठी घाई.

परदेशातला वारस येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा नोटरी आणि अपोस्टिल करून यायला हवं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायला हवा. त्यात ‘विक्री करण्याचा आणि मोबदला स्वीकारण्याचा’ अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. ‘देखभाल व व्यवस्था’ एवढ्यावर खरेदीखत होत नाही.

टीडीएसमध्ये (विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने कापायचा कर) लोक हमखास चुकतात. व्यवहार ५० लाखांच्या वरचा, म्हणून निवासी वारसांच्या हिश्शावर १ टक्का कापायचा. तिसरा वारस आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शाला हा १ टक्का लागू नाही. तिथे दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या दराने, १२.५ टक्के अधिक अधिभार आणि उपकर, अशी कपात होते. नफ्याचा हिशेब नसेल तर ती पूर्ण रकमेवर करावी लागते. त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तर त्याचाही फायदा, तुमचीही सुटका. कमी कापलं तर वसुली खरेदीदाराकडून, म्हणजे सोसायटीकडून.

मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत अधिभार धरून ६ ते ७ टक्के, आणि ते करारातली किंमत व रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकातलं) मूल्य यातल्या मोठ्या आकड्यावर. ६ टक्क्यांनी ११ लाख १० हजार. नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये.

वापर: इमारत कागदावर ‘निवासी’ मंजूर होती की ‘रुग्णालय’ हे नकाशावर दिसेल. यातलं काहीही असलं तरी सभागृहासाठी वापरबदलाची परवानगी लागते. नगररचना विभाग रस्त्याची रुंदी, पार्किंग आणि बाजूची मोकळी जागा बघणार, सोबत अग्निशमनाचा ना हरकत दाखला. खरेदीआधीच परवानाधारक वास्तुविशारदाकडून लेखी मत घ्या. हॉल मंजूरच होणार नसेल तर खरेदीचं अर्धं कारण संपतं. अभ्यासिका आणि विरंगुळा केंद्राला त्रास कमी.

प्रसूतिगृह होतं, म्हणून आणखी एक: आत सोनोग्राफी मशीन पडून असेल तर ते विक्रेत्यांनी हलवावं. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्याखालच्या मशीनची विल्हेवाट समुचित प्राधिकाऱ्याला कळवल्याशिवाय लावता येत नाही. ‘रिकामी इमारत’ म्हणजे काय काय हलवून, हे करारात लिहा.

नाशिक_६४

तिघांचे मनापासून आभार. आज तपासलं. आमचं अभिहस्तांतरण २०१४ मध्ये झालंय, तो प्रश्न नाही. शेजारच्या मिळकत पत्रिकेवर अजून डॉक्टरांचंच नाव आहे. इसार पावती साध्या कागदावर, दोनच वारसांच्या सह्या. तीन महिन्यांत बाकी रक्कम न दिल्यास इसार जप्त, असं वाक्य आहे. त्यातला दीड महिना गेला. काय करायचं?

दस्त_आणि_नकाशा

तर मग तिसऱ्या वारसाने काहीच विकायचं कबूल केलेलं नाही. वकिलामार्फत लगेच पत्र द्या: वारस नोंद पूर्ण नाही, तिसऱ्याची संमती नाही, म्हणून मुदत या दोन्ही गोष्टी झाल्यापासून मोजली जावी, अन्यथा इसार परत करावा. सोबत पुरवणी कराराचा मसुदा जोडा. त्यात तीन अटी हव्यात: तिघांची सही, संरचनात्मक अहवाल समाधानकारक असणं, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची व गरज पडल्यास उपनिबंधकांची मान्यता. यातलं काहीही न जमल्यास इसार पूर्ण परत. ज्यांना खरंच विकायचंय ते यावर सही करतात, कारण वारस नोंद त्यांनाही करावीच लागणार आहे. उरलेल्या दीड महिन्यात बाकी पैसे भरून टाकू, असा विचार अजिबात नको.

चौथा_मजला

विरोधातल्या १७ जणांची बाजू मांडतो, कारण त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून बाजूला सारलं जाण्याची भीती दिसते. त्यांनी खर्च विचारणं रास्त आहे. किंमत १८५ लाख, मुद्रांक व नोंदणी ११.४, दुरुस्ती चौ.फुटाला १,२०० रुपये धरली तर ४२.६. बेरीज २३९ लाख. ६४ ने भागले तर सदनिकेमागे ३ लाख ७३ हजार. सभेत २ लाख ८९ हजारांचा आकडा सांगितला गेला असेल तर तो फक्त किमतीचा भागाकार आहे. ३१ जणांनीच भरायचं ठरलं तर प्रत्येकी ७ लाख ७१ हजार. त्यावर दरवर्षीचा खर्च: बिगरनिवासी दराने मिळकतकर आणि वीज, रखवालदार, सफाई, विमा. हॉल बाहेरच्यांना दिला तर ते उत्पन्न करपात्र आहे, सभासदांकडून येणाऱ्या रकमेसारखं परस्पर सहकाराच्या तत्त्वात (सभासदांचा पैसा सभासदांसाठीच, म्हणून कर नाही) बसत नाही. आणि खिडकीला खिडकी लागून हॉल असेल तर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा पाळायची जबाबदारी सोसायटीचीच.

१७ जणांना उपनिबंधकांकडे जाण्याआधी एक सोपा मार्ग आहे. एक पंचमांश सभासदांच्या, म्हणजे तुमच्याकडे १३ सह्यांच्या लेखी मागणीवर समितीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. मागणीतच विषय नीट लिहा.

वारस तयार असतील तर आधी फक्त तळमजला भाड्याने मागून बघा. भाडेपट्टा नको, लिव्ह अँड लायसन्स, कमाल ६० महिने. मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, शिवाय बिनव्याजी अनामतीवरचा थोडा. वापर अभ्यासिकेपुरता ठेवा. दोन वर्षांत किती मुलं येतात ते दिसेल आणि वारसांनाही बंद जागेचं भाडं मिळेल. पाचव्या वर्षी विकत घ्यायचा पहिला हक्क आपला, एवढं करारात लिहून घ्या.

ताळेबंद

चौथा मजला यांचा भाड्याचा मुद्दा मला पटतो, एका अटीवर: भाडंसुद्धा दुरुस्ती निधीतून नको. अभ्यासिकेची वेगळी मासिक वर्गणी, वापरणाऱ्यांकडून.

खरेदीच करायची ठरली तर विशेष सभेच्या नोटिशीत ठरावाचा पूर्ण मसुदा, तिन्ही अहवाल (मालकी, संरचना, वापर) आणि एकूण खर्चाचा तक्ता जोडा. ठरावात हे स्पष्ट हवं: इमारत निधीत पैसे दिले म्हणून कुणाला इमारतीत वैयक्तिक हिस्सा मिळत नाही, मालकी सोसायटीची. सदनिका विकली तर दिलेली रक्कम परत मिळणार की नाही. न दिलेल्या सभासदाला वापरबंदी नाही, कारण मालमत्ता संस्थेची आहे आणि तो सभासद आहे. वापरशुल्क मात्र जास्त ठेवता येतं. ठरावीक तारखेपर्यंत अपेक्षित रक्कम जमली नाही तर सगळ्यांचे पैसे तीस दिवसांत परत, आणि तोवर ते वेगळ्या मुदतठेवीत. एक सदनिका, एक मत. भाडेकरूंना मत नाही, मत मांडू द्या.

आणि इसाराचे ५ लाख आजच्या तारखेला ताळेबंदात ‘येणे’ म्हणून दाखवा, खर्च म्हणून नव्हे. परत आले की दुरुस्ती निधीत जमा करा. आले नाहीत तर समितीने ते कसे भरायचे हे मार्चआधी ठरवा, लेखापरीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.

कॉलमबीम

कोअर कुठून काढायचे ते अभियंत्यावर सोडू नका, तुम्हीही तिथे हजर राहा. एक तळमजल्याच्या कॉलममधून, एक गच्चीच्या बीममधून, एक शौचालयालगतच्या भागातून. काढण्याआधी कव्हर मीटरने सळई शोधून मगच छिद्र. सळई कापली गेली तर नमुना निरुपयोगी आणि कॉलमही कमकुवत. भोक त्याच दिवशी नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या सिमेंट मसाल्याने) बुजवून घ्या, आणि विक्रेत्यांची लेखी परवानगी आधी. इमारत अजून त्यांची आहे.